खाद्यखोलीचे सील मी तोडले, सासऱ्यांनी नाही

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
पशुखाद्य तपासणी कार्यालय,
दुसरा मजला, जिना संपतो तिथून उजवीकडे.

अर्जदार : नोंदणीकृत कुक्कुटपालकाची सून. व्यवसाय : ब्रॉयलर कोंबड्या पाळणे. आसपासच्या शेडवाल्यांत 'जंतूबाई' या नावाने परिचित.

विषय : खाद्यखोलीचे सील तोडल्याबद्दलची नोटीस माझ्या नावे काढणेबाबत, तसेच कोंबड्यांच्या खाद्यातील उपयुक्त जीवाणू काढून टाकण्यास माझा नकार असल्याबाबत.

संदर्भ : १) खाद्यखोली सीलबंद करण्याचा आपला आदेश.
२) खाद्य उकळून वापरण्याबाबतचे आपले पत्र.
३) माझ्या सासऱ्यांच्या नावे आलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

अशा अर्जाची सुरुवात विनंतीने करायची असते, हे मला माहीत आहे. मी मात्र आधी कबुली देते; विनंती काय करायची ती शेवटी करीन. आपल्या कार्यालयाने आमच्या खाद्यखोलीला लावलेले कुलूप आणि त्यावरचे लाखेचे सील मी तोडले. भर दुपारी, सगळ्यांना दिसेल असे, लोखंडी पहारीने तोडले. त्या वेळी माझे सासरे शेडच्या पार पलीकडच्या टोकाला जखमी कोंबड्या वेगळ्या काढत होते. नोटिशीत 'आपण सदर सील हेतुपुरस्सर तोडले' असे त्यांना उद्देशून लिहिले आहे. हेतू होता, यात वाद नाही. पण तो माझा होता, आणि पहारही माझ्याच हातात होती.

हे का घडले ते आपल्या फायलीत कुठेही नाही. फायलीत आदेश आहे, पंचनामा आहे आणि एक जबाब आहे, तोही खोटा. म्हणून थोडे मागे जाऊन सांगावे लागते. अर्ज एका पानात असावा, अशी सूचना आपल्या खिडकीवर चिकटवली आहे. ती मी वाचली आहे. ती पाळता येत नाही.

आमच्या दोन शेड आहेत. सासऱ्यांनी उभा जन्म कोंबड्यांत काढला. शेडबाहेर उभे राहून नुसत्या आवाजावरून ते सांगतात की पिल्लांना थंडी वाजते आहे की तहान लागली आहे. यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण त्यांची एक खोड होती. कोंबडी शिंकली की औषध, पिल्लू सुस्त दिसले की औषध, आभाळ भरून आले की आधीच औषध. रोग नसला तरी खाद्यात थोडे अँटिबायोटिक असायचेच, 'असू दे, अंग चांगलं धरतात' म्हणून. हे एकटे तेच करत होते असे नाही. आमच्या बाजूचे सगळे शेडवाले करतात. औषधवाला टेम्पो घेऊन दारात येतो, चहा पितो, बाटल्या उतरवून जातो. विक्रीची गाडी भरायच्या आदल्या दिवसापर्यंत ते औषध चालू असते, आणि कोंबडीबरोबर ते कोणाच्या ताटात जाते हे कोणी विचारत नाही.

मी लग्नाआधी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर जंतू बघायचे, चांगले कोणते नि वाईट कोणते ते वेगळे करायचे, हेच माझे काम. दुधाला विरजण लावणारी प्रत्येक बाई जंतू पाळते, फक्त तिला कोणी जंतूबाई म्हणत नाही. सासरी आल्यावर मी पाण्याच्या टाक्या धुतल्या, शेडमध्ये भाताचे तूस अंथरले आणि तोंड बंद ठेवले, कारण कोंबड्यांना काय घालायचे हे नव्या सुनेने सांगायचे नसते.

पुढे एका बॅचला हगवण लागली. सासऱ्यांनी एक औषध घातले, मग दुसरे, मग दोन्ही मिळून. पिल्ले पंख पाडून कोपऱ्यात बसत आणि सकाळी उचलावी लागत. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मेलेली पिल्ले तपासणीला पाठवली. अहवाल आल्यावर त्यांनी सासऱ्यांना समोर बसवून सांगितले, "काका, या जंतूंना तुमच्या औषधांची सवय झाली आहे. रोज थोडं थोडं घालून ती तुम्हीच लावलीत. आता यांच्यावर काही चालायचं नाही." मेलेल्या पिल्लांसाठी खड्डा सासऱ्यांनी स्वतः खणला, माझ्या नवऱ्याला कुदळीला हात लावू दिला नाही. त्या दिवशी ते जेवायलाही आत आले नाहीत.

शेड धुऊन, चुना मारून पुन्हा तयार झाली तेव्हा मी पहिल्यांदा बोलले. म्हटले, मामंजी, पुढच्या बॅचला खाद्यात औषध नको. चांगले जंतू घालू. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे आतडे रिकाम्या गाडीसारखे असते. जो आधी चढेल तो जागा धरतो. आपण चांगल्यांना आधी चढवू, म्हणजे वाईटांना बसायला जागा उरणार नाही. त्यांनी माझ्याकडे असे बघितले की जणू मी शेडला काडी लावायला निघाले आहे. "रोग घालवायला औषध देतात हे ऐकलं होतं," ते म्हणाले. "रोग टाळायला जंतू द्यायचे हे आजच ऐकतोय. लोक सुनेच्या पायगुणाचं बघतात. आमची सून पायाला जंतू लावून आली." हे वाक्य ते पुढे शेजाऱ्यांनाही सांगू लागले आणि माझे नाव तिथूनच पडले.

तरीही त्यांनी मला अर्धी शेड दिली. कोणती, तर मोरीकडची, जिथे तूस कायम ओले राहते आणि अमोनियाने डोळे चुरचुरतात. मध्ये जाळी लावली. जाळीच्या त्यांच्या बाजूला औषध, माझ्या बाजूला जंतू. मी चांगल्या जंतूंची भुकटी आधी पाटीभर मक्याच्या भरड्यात नीट कालवायची, मग तो भरडा मोठ्या मिक्सरमध्ये सोया पेंडीबरोबर फिरवायची, म्हणजे प्रत्येक दाण्याला लागते. क्लोरीनचे पाणी बंद केले, कारण क्लोरीन चांगला-वाईट असा भेद करत नाही. भांडी रोज घासली. इथे मला खरे तेच सांगितले पाहिजे, कारण हा अर्ज माल खपवण्यासाठी नाही. पहिल्या बॅचला डोळ्यात भरण्यासारखा फरक पडला नाही. सासरे खूश झाले. दुसऱ्या बॅचला माझ्याकडचे तूस कोरडे राहू लागले. विष्ठा घट्ट झाली, वास उतरला, मरतुक कमी झाली, आणि तेवढेच खाद्य खाऊन माझ्या कोंबड्या त्यांच्या कोंबड्यांपेक्षा जड भरल्या. ही जादू नाही. पोट ठीक असले की खाल्लेले अंगी लागते, माणसाचे काय नि कोंबडीचे काय.

सासऱ्यांनी तोंडाने कधी कबूल केले नाही. पण एक दिवस मी शेडमध्ये गेले तर ते शिडीवर चढून मधली जाळी सोडवत होते. मी विचारले, काय करताय? म्हणाले, "गंजली आहे." जाळी नवीकोरी होती. मी शिडी धरली. तेव्हापासून दोन्ही शेडमध्ये एकच खाद्य आहे, माझे.

आता आपल्या कार्यालयाकडे येते.

आपल्याकडे निनावी तक्रार आली की या शेडमध्ये कोंबड्यांना जंतू खायला घालतात. तक्रार कोणी केली याचा अंदाज आमच्या घरात प्रत्येकाला आहे, पण पुरावा नाही, म्हणून मी कोणाचे नाव घेत नाही. शिवाय तक्रार खरी आहे. घालतोच. आपले निरीक्षक येऊन खाद्याचा नमुना घेऊन गेले. अहवाल आला : 'नमुन्यात जिवंत जीवाणू मोठ्या प्रमाणात आढळले, सबब नमुना असुरक्षित.' कोणते जीवाणू, याबद्दल एक अक्षर नाही. मिठाच्या डब्यात मीठ सापडले म्हणून डबा जप्त करावा, तसे हे झाले. एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. आपल्या प्रयोगशाळेने मोजलेला आकडा मी घालते त्याच्याशी जुळतो. म्हणजे माझी भुकटी चांगली निघाली. त्याबद्दल आभारी आहे.

त्या अहवालावरून आदेश निघाला आणि निरीक्षक कुलूप, कापड, लाख आणि मेणबत्ती घेऊन आले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. काडी वाऱ्याने विझत होती तेव्हा माझ्या नवऱ्याने हाताचा आडोसा केला, म्हणजे आमचा कारभार किती सरळ आहे ते बघा. सगळे खाद्य त्या खोलीत होते. कोंबड्या ऐन वाढीच्या, दिवसभर चोच खाली असते त्या वयाच्या. मी विचारले, "साहेब, आजचं खाद्य भांड्यांत आहे. उद्या यांना काय घालू?" ते आदेश पुन्हा वाचून म्हणाले, "याच्यात तसं काही लिहिलेलं नाही, बाई." मी म्हटले, म्हणूनच विचारते. ते म्हणाले, "मी फक्त सील लावतो." आणि मान खाली घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडण्याआधी मी आपल्या जिन्यात उभी होते. पुढचे जे लिहिते ते आपल्या कर्मचाऱ्यांची चहाडी म्हणून नाही. तिथे कोणी माझ्याशी उद्धटपणे बोलले नाही. उलट एका बाईंनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

पहिल्या टेबलावर सांगितले, खाद्यात जीवाणू नसल्याचा दाखला आणा, सील काढतो. मी म्हटले, ते आहेत, मीच घातले आहेत. "मग सील बरोबरच आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने विषय संपला. मी म्हटले, हे चांगले जीवाणू आहेत, परवानगी द्या. तेव्हा मला औषधांच्या टेबलाकडे पाठवले. तिथे विचारले, याने कोणता रोग बरा होतो? मी म्हटले, बरा होत नाही, होऊ नये म्हणून आहे. ते म्हणाले, मग हे औषध नाही, खाद्य आहे. खाद्याच्या टेबलावरच्या गृहस्थांनी बराच विचार केला. "खाद्यात जिवंत काही नसतं," ते म्हणाले. "हे जिवंत आहे ना?" मी म्हटले, जिवंत आहे म्हणूनच उपयोग आहे. "मग जिवंत प्राण्यांच्या टेबलाला जा." मी गेले. जिवंत प्राण्यांच्या टेबलावर मला भरायला छापील नमुना दिला. त्यात प्राण्याची जात, एकूण संख्या, वाहतुकीचे साधन आणि प्रत्येकाच्या प्रकृतीचा दाखला अशी मागणी होती. मी जात लिहिली. वाहतुकीचे साधन : पिशवी. संख्येपाशी थांबले. एका चिमटीत कोट्यवधी असतात. मी 'अगणित' लिहिले. त्यांनी खोडून सांगितले, इथे आकडाच लागतो.

या सगळ्या फेऱ्यांत मी ज्या भिंतीला टेकून रांगेत उभी होते, तिथे आपल्याच खात्याने छापलेले पत्रक लावले आहे. त्यावर एक गुटगुटीत कोंबडी आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'अनावश्यक अँटिबायोटिक टाळा, उपयुक्त जीवाणूंचा वापर करा.' मी ते त्या खुर्ची देणाऱ्या बाईंना दाखवले. ते वाचून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ते प्रसिद्धी विभागाचं आहे." महोदय, एकतर ते पत्रक भिंतीवरून उतरवावे, नाहीतर आमच्यावरचा आदेश उतरवावा. दोन्ही एकाच इमारतीत शोभत नाहीत.

दुपारी घरी परतले तेव्हा आपले दुसरे पत्र माझ्या आधी पोचले होते. एवढी तत्परता मी आजवर कुठल्याच कार्यालयात पाहिली नाही. त्यात म्हटले होते की जप्त खाद्य निरीक्षकांच्या देखरेखीखाली उकळून निर्जंतुक करून वापरण्यास हरकत नाही. ज्याने कोणी हे सुचवले त्याच्या मनात कोंबड्यांबद्दल कणव होती, असे मी धरून चालते. पण उकळलेल्या खाद्याचा लगदा होतो, तो संध्याकाळपर्यंत आंबतो, आणि तो खाऊन कोंबडी खरोखरच आजारी पडते. आणि माझ्या भुकटीतल्या जंतूंना उकळण्याचे फारसे काही वाटत नाही. ते कठीण कवचात, बीजरूपात झोपलेले असतात. म्हणजे आपल्या पत्राप्रमाणे केले असते तर चांगले खाद्य नासले असते आणि ज्यांना मारायचे ते जगले असते.

आणि शेडमधून जो आवाज येत होता तो मी आजवर ऐकला नव्हता. पोट भरलेल्या कोंबड्यांचा एक कुरकुर असा संथ आवाज असतो, तो घरातल्या पंख्यासारखा सवयीचा होतो. भुकेल्या कोंबड्या तशा बोलत नाहीत. त्या भांड्यांवर चोची आपटतात, रिकाम्या भांड्यांवर, आणि तो आवाज सगळ्या शेडभर पत्र्यावर खडे पडावेत तसा चालू राहतो. मग एकमेकींना टोचायला लागतात. एकीच्या शेपटीपाशी रक्त दिसले की बाकीच्या तिथेच जमतात. नवरा सकाळपासून शेजारच्या शेडवाल्यांकडे फिरत होता. बहुतेकांनी कानावर हात ठेवले, आपल्या आदेशाची बातमी पोचली होती. एकाने मक्याच्या भरड्याची थोडी पोती दिली, ती केव्हाच संपली होती.

तेवढ्यात औषधवाल्याचा टेम्पो आला. टेम्पोत तयार खाद्याची पोती होती. तो म्हणाला, "वहिनी, राग-लोभ नंतर. कोंबड्या उपाशी आहेत, हे घाला. याच्यात सगळं आहे." सगळे म्हणजे तेच अँटिबायोटिक. महोदय, मी ते घ्यायला तयार झाले होते. कारण तो आवाज ऐकवत नव्हता. मी नवऱ्याला म्हटले, उतरव. तेव्हा सासरे शेडमधून बाहेर आले. त्यांनी पोत्यावरची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि पोते परत टेम्पोत ढकलले. "घेऊन जा," ते म्हणाले. औषधवाला म्हणाला, "काका, तुम्हीच ना आजवर घालत होतात?" सासरे म्हणाले, "होतो. गाडी भरायला आठवडासुद्धा राहिला नाही. हे आता घातलं तर लोकांच्या पोटात जाईल. घेऊन जा म्हटलं ना." एवढे बोलून ते पुन्हा शेडमध्ये गेले, जखमी कोंबड्या वेगळ्या काढायला.

मी टेम्पो वळेपर्यंत तिथेच उभी होते. ज्या माणसाने जन्मभर ते औषध घातले त्याने ते उपाशी कोंबड्यांसमोरून परत पाठवले होते. आता त्या खोलीतल्या खाद्याशिवाय दुसरे काही उरले नव्हते. मी पहार आणली. लाख ठिसूळ असते, पहिल्याच घावाला उडाली. कुलूप मात्र चांगले आहे, त्याला वेळ लागला. आवाज ऐकून सासरे आले. त्यांनी तुटलेले सील बघितले, मला बघितले. आत जाऊन पोते पाठीवर घेतले आणि शेडकडे चालू लागले. या वयात त्यांनी पोते उचलू नये असे सांगितलेले आहे. आम्ही तिघांनी सगळी भांडी भरली. थोड्या वेळाने तो आपटण्याचा आवाज थांबला.

निरीक्षक दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी विचारले, "सील कोणी तोडलं?" मी पुढे झाले, पण माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत सासरे म्हणाले, "मी."

"तुम्ही? कशासाठी?"

"म्हातारा माणूस आहे. भूक बघवली नाही. हिचा काही संबंध नाही, ही तर नको नको म्हणत होती."

मी म्हटले, हे खोटं आहे, मी तोडलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. "आणि ते जंतूही मीच घालतो, साहेब," ते पुढे म्हणाले. "ही नुसती पोतं धरते." आमच्या गल्लीत हे वाक्य कोणी ऐकले असते तर चक्कर येऊन पडले असते. निरीक्षकांनी दोघांचे ऐकले आणि सासऱ्यांचेच लिहून घेतले, कारण नोंदणी त्यांच्या नावावर आहे आणि जबाब नोंदणीधारकाचा घ्यायचा असतो. मी माझाही घ्या म्हणाले तर निरीक्षक म्हणाले, जबाबाच्या नमुन्यात एकच जागा आहे.

म्हणून नोटीस त्यांच्या नावे आली. नोंदणी कायमची रद्द का करू नये आणि खटला का भरू नये, असे त्यात विचारले आहे. शिवाय प्रकरण निकाली निघेपर्यंत एकही पक्षी शेडबाहेर नेऊ नये, असेही बजावले आहे. घरात यावरून जे भांडण झाले ते सबंध लिहीत नाही. सासरे म्हणाले, "सून कोर्टाची पायरी चढली तर लोक चार महिने बोलतील. म्हातारा चढला तर म्हणतील, म्हातारा आहे. गप्प बस." मी म्हटले, तुम्ही माझ्यासाठी खोटे बोलायचे आणि मी त्या खोट्याआड बसायचे, हे मला जमणार नाही. ते म्हणाले, घरात मोठा कोण? नवरा उठला आणि म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा, मी पाणी बघून येतो."

तेव्हा, महोदय, आता माझे म्हणणे.

नोटीस माझ्या नावे काढावी. खटला भरायचा असेल तर माझ्यावर भरावा, तारखेला मी येईन, आणि सील का तोडले हे जे इथे लिहिले तेच तिथे उभी राहून सांगेन. याबद्दल मी माफी मागत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तोडीन. फक्त तेव्हा एक दिवस वाट बघणार नाही. माझ्या खाद्यातले जीवाणू कोणते ते आपल्या प्रयोगशाळेने नावानिशी तपासावे. त्यांत एकही रोग करणारा निघाला तर सगळे खाद्य मी स्वतः खड्ड्यात घालीन. तसा एकही निघत नाही तोवर जंतू चालूच राहतील. आजही सकाळी घातले आहेत.

पक्षी हलवू नयेत, ही अट तेवढी मला पाळता येणार नाही. ब्रॉयलर कोंबडी कागदासारखी कपाटात थांबत नाही. ती रोज वाढते. वयापेक्षा जास्त ठेवली की तिला स्वतःचे वजन पेलवत नाही, पाय वाकतात, दाटीने आणि उकाड्याने जीव जातो. निरोगी वाढवून अशी मारायची, याला मी तयार नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही शेड तपासून पक्षी निरोगी असल्याचे लिहून दिले आहे. गाडी परवा सकाळी बोलावली आहे. आपल्याला अडवायची असेल तर जरूर यावे, पण आदेश माझ्या नावाचा आणावा. गाडीसमोर मी असेन, सासरे नाहीत.

या अर्जाबद्दल मी त्यांना सांगणार नव्हते. पण नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. काल सासऱ्यांनी त्याच्याकडून अर्ज सगळा वाचून घेतला. मला वाटले, आता फाडणार. त्यांनी मधे एकदाच थांबवले, जाळीच्या तिथे, आणि म्हणाले, "गंजली होतीच." मग कागद मागितला. म्हणाले, तुझा अर्ज जाऊ दे, पण माझा जबाबही त्याला जोडायचा, नाहीतर पुढची बॅच मी उतरवून घेणार नाही. म्हणून तो जोडला आहे. त्यांनी तो स्वतः लिहिला आहे आणि त्यांना लिहायची सवय नाही, तरी वाचता येईल. सील आपणच तोडले, सुनेने तोडले नाही, असे त्यात ते पुन्हा म्हणतात. ते पूर्ण खोटे आहे, त्यावर विसंबून कारवाई करू नये. मात्र सहीच्या वर, थोडी जागा सोडून, त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आहे : 'जंतू चांगले आहेत, मी बघितले आहे.' एवढी वर्षे एका घरात राहून हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, आपल्याला लिहून कळवले आहे. ती ओळ खरी आहे. तेवढी तरी फायलीत ठेवावी.

कळावे. नम्र आहे की नाही ते आपण ठरवावे,

(सही)
जंतूबाई

दिनांक : पोचपावतीवर आपला शिक्का पडेल तो.

साक्षीदार : अर्जदाराचा नवरा (सही). पहार मी दिली नव्हती, पण मागितली असती तर दिली असती.

सोबत :
१) डॉक्टरीणबाईंचे तपासणीपत्र.
२) जिवंत प्राण्यांच्या टेबलाचा नमुना, संख्येच्या रकान्यात 'अगणित' खोडलेले.
३) भुकटीची पुडी, तपासणीसाठी. उकळू नये.
४) सासऱ्यांचा जबाब. शेवटची ओळ आधी वाचावी.